आधी सातबारा, मग फॉर्म: ग्रामीण गृहकर्ज आणि ग्रामविकासातल्या नोकरीची तयारी कशी करावी

नागपुरातल्या अभ्यासिकांमध्ये बँकेच्या आणि ग्रामविकासाच्या जागांसाठी बसणाऱ्यांची मेहनत कमी पडत नाही, क्रम उलटा पडतो. जाहिरात आली की फॉर्म, फॉर्म भरला की क्लास, मग टेस्ट सिरीज. ज्या कामासाठी हा खटाटोप, ते काम नेमकं काय असतं हे मुलाखतीच्या आदल्या रात्री मोबाईलवर शोधलं जातं. मग पॅनेलवरचे साहेब विचारतात, "गाव नमुना ८अ आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ यात फरक काय?" आणि समोरचा पदवीधर गप्प.

हा लेख शेजारशेजारच्या दोन कामांसाठी आहे. एक, गृहकर्जाचा अर्ज तपासून मंजुरीची किंवा नकाराची शिफारस करणं. बाजारात याला नुसतं 'क्रेडिट' म्हणतात. दुसरं, ग्रामविकासातली सरकारी किंवा कंत्राटी पदं, जिथे घरकुल, बचत गट आणि ग्रामपंचायतीचे दाखले हाताळावे लागतात. दोन्हीकडे टेबलावर येतो तो कागद जमिनीचा किंवा घराचा असतो. तो वाचता येणं हे मूळ कौशल्य आहे. बाकीचं त्यावर चढवता येतं.

## पायरी १: कुठल्या दारातून आत जायचं ते ठरवा

ग्रामीण बँक. १ मे २०२५ पासून 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' लागू झालं आणि नागपुरात मुख्यालय असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. जुन्या पुस्तकांत अजून जुनंच नाव आहे, मुलाखतीत ते तोंडून जाऊ देऊ नका. भरती आयबीपीएस, म्हणजे बँकांच्या भरतीपरीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत होते. ऑफिसर स्केल १ साठी पदवी लागते आणि वय १८ च्या वर व ३० च्या आत असावं लागतं.

नाबार्ड, म्हणजे राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँक. ग्रेड 'ए' ची परीक्षा. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: नाबार्ड गावातल्या माणसाला थेट घरासाठी कर्ज देत नाही. ती बँकांना पुनर्वित्त देते, जिल्ह्याचा पतआराखडा बघते, योजना उभ्या करते. फाइल तपासायची हौस असेल तर हे दार तुमचं नव्हे. धोरण आणि नियोजन आवडत असेल तर याच्याइतकं चांगलं दार नाही.

राज्य शासन. एमपीएससीतून गटविकास अधिकारी, जिल्हा परिषदेच्या सरळसेवेतून ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात).

कंत्राटी पदं. बचत गटांच्या उमेद अभियानातली, घरकुल योजनेतली. स्थापत्य पदविका असेल तर ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याचं काम शिकण्यासाठी उत्तम आहे. पण घरी सांगताना 'सरकारी नोकरी लागली' असं सांगू नका. करार संपला की पुढचं कुणाच्याच हातात नसतं.

खासगी गृहवित्त कंपन्या. परीक्षा नाही, मुलाखत आहे. क्रेडिटचं काम सगळ्यात लवकर इथेच हातात पडतं.

> थांबा. पाचही दारं एकदम ठोठावू नका. एक मुख्य, एक पर्यायी. नाबार्ड आणि ग्रामीण बँक ही जोडी जमते, कारण कृषी व ग्रामीण अर्थकारण दोन्हीकडे कामी येतं. एमपीएससीची मुख्य परीक्षा आणि बँकेचा वेगावर चालणारा पेपर एकत्र ओढणं बहुतेकांना झेपत नाही.

## पायरी २: दुसऱ्याच्या फाइलआधी स्वतःची फाइल

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक शेवटी ठेवतात, आणि निवड झाल्यावर कागद पडताळणीत अडकतात.

पहिली गोष्ट जातीच्या दाखल्याची. आयबीपीएस आणि नाबार्डला ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. राज्याच्या भरतीसाठी काढलेलं तिथे चालत नाही. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही आधी बघा. एसईबीसीचं (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण राज्यापुरतं आहे, केंद्राच्या जागांत तो प्रवर्गच नाही. नॉन-क्रिमिलेअर कोणत्या तारखेपर्यंतचं हवं ते प्रत्येक जाहिरातीत लिहिलेलं असतं. सेतू केंद्रावर गर्दी उसळण्याआधी अर्ज टाका.

दुसरी, नावाची. दहावीच्या सनदेवर, आधारवर आणि पॅनवर नाव अक्षरशः एकच हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची प्रत काढून ठेवावी.

तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. आयबीपीएसमार्फत सरकारी बँकांत जी भरती होते, तिथे रुजू होताना तुमचा स्वतःचा सिबिल बघितला जातो. हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलचे दोन हप्ते थकलेले, कुण्या मित्राला जामीन राहिलेले, ॲपवरून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज विसरलेलं: हे सगळं तिथे दिसतं. प्रत्येक पतमाहिती कंपनीला वर्षातून एक अहवाल फुकट द्यावा लागतो. तो आजच काढा.

> तपासून पाहा. अहवालात 'सेटल्ड' (कमी रकमेत मिटवलेलं) किंवा 'रिटन ऑफ' (बुडीत धरलेलं) असा शेरा दिसला तर आधी तो निस्तरा. उरलेली रक्कम भरून ना-हरकत पत्र घ्यायचं आणि नोंद दुरुस्त करवून घ्यायची. याला वेळ लागतो, म्हणून ही दुसरी पायरी.

## पायरी ३: जमिनीचे कागद वाचायला शिका

इथे घाई करू नका. पुस्तकातून हे येत नाही. घरच्या किंवा मामाच्या शेताचा डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो. तो छापून घ्या, पेन्सिल घ्या आणि वरून खाली या.

(क) भोगवटादार वर्ग. वर्ग १ म्हणजे हस्तांतरणाला साधारणपणे अडकाठी नाही. वर्ग २ असेल तर साधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री किंवा गहाण नाही. आपल्याकडे भूदानाच्या जमिनीही बऱ्याच आहेत, त्याही यातच येतात. रामटेक, पारशिवनी भागात आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आडवं येतं. अशा जमिनीवर बिगरआदिवासी खरेदीदाराचं कर्ज म्हणजे फाइल तिथेच थांबली.

(ख) नावं आणि त्यांच्यामागची अक्षरं. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान वारसाच्या वतीने पालनकर्ता. अज्ञान मुलाचा हिस्सा विकायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. आईने सही केली म्हणून भागत नाही. 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, म्हणजे नाव एकाचं आणि हक्क अनेकांचे. बहिणींची नावं कुठे गेली हे विचारा. 'त्यांनी सोडून दिलं' हे तोंडी उत्तर चालत नाही, नोंदणीकृत हक्कसोड दाखवावी लागते.

(ग) इतर हक्क. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाची नोंद, न्यायालयाचा मनाई हुकूम, सगळं इथे सापडतं. कर्ज फिटलं तरी बोजा उतरवायचा राहून जातो. अशा वेळी बँकेचं ना-हरकत आणि त्यावरून झालेला फेरफार, दोन्ही मागायचे.

(घ) तळाची ओळ. शेवटचा फेरफार कधीचा, प्रलंबित फेरफार आहे का. 'प्रलंबित' दिसलं की विक्रेता कितीही गोड बोलो, पटवाऱ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, काय अडलंय ते कळेपर्यंत पुढे जायचं नाही.

आता तो मुलाखतीतला प्रश्न. गाव नमुना ८अ हा महसूल खात्याचा: एका खातेदाराच्या नावावर त्या गावात एकूण किती जमीन आहे ते सांगणारा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घराच्या कर आकारणीचा: घर कुणाचं, किती चौरस फुटांचं, विटामातीचं की आरसीसी, कर किती. पहिला पटवाऱ्याकडचा, दुसरा ग्रामसेवकाकडचा. नमुना ८ हा कर भरण्यापुरता पुरावा आहे, मालकीचा निर्विवाद पुरावा नाही. गावठाणातल्या घराला सातबारा नसतोच; तिथे आखीव पत्रिका बघायची, आणि ड्रोन मोजणी झालेल्या गावात स्वामित्व योजनेतून मिळालेली सनद.

शहराकडे सरकलं की कागद बदलतात. नागपूरच्या बाहेरच्या वस्त्यांत '५७२ अभिन्यास', '१९०० अभिन्यास' (नियमितीकरणाला घेतलेले अनधिकृत लेआउट) आणि नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, 'आरएल' म्हणजे नियमितीकरण पत्र, हे शब्द रोज कानावर पडतील. आरएलची प्रत आली की भूखंड क्रमांक, खसरा (सर्व्हे) क्रमांक आणि क्षेत्रफळ विक्रीपत्राशी जुळवा. डिमांड, म्हणजे नियमितीकरणाचं शुल्क, भरल्याची पावती दाखवून 'आरएल आहे' असं सांगणारे भेटतात. पावती म्हणजे आरएल नव्हे. एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीतल्या गावात बांधकाम परवानगी एनएमआरडीएचीच लागते, सरपंचाच्या सहीचा दाखला तिथे उपयोगाचा नाही.

हा सगळा काथ्याकूट कशासाठी, हेही समजून घ्या. कर्ज थकलं तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने घर ताब्यात घेऊ शकते. पण शेतजमिनीवरच्या तारणाला तो कायदा लागू नाही. म्हणून जमीन अकृषक, म्हणजे बिगरशेती, असल्याच्या कागदाचा आग्रह. शेतात बांधलेलं घर कितीही देखणं असो, कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने ती जमीन सध्या शेतीच आहे.

> तपासून पाहा. अनोळखी सातबारा हातात घेऊन मालक कोण, वर्ग कोणता, बोजा आहे का आणि क्षेत्र किती, हे न अडखळता सांगता आलं तर पुढे चला. क्षेत्र वाचताना १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, एवढं तोंडपाठ हवं.

## पायरी ४: हिशेब हाताने करा

सॉफ्टवेअर आकडा देतं. तो चुकलाय हे ओळखायला हाताचा हिशेब लागतो. एक काल्पनिक फाइल घ्या.

बुटीबोरी एमआयडीसीतला कामगार, हातात पगार २८,००० रुपये. दुचाकीचा हप्ता ३,२००. संस्थेचा नियम असा की सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत. म्हणजे मर्यादा १४,०००, त्यातून ३,२०० वजा, उरले १०,८००. नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी लाखाला साधारण ९०० रुपये हप्ता पडतो. १०,८०० भागिले ९००: परतफेडीच्या ताकदीप्रमाणे १२ लाख.

आता घराकडून बघा. करारातली किंमत १४ लाख, पण मूल्यांकनकाराने धरलेली १२.५० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, आणि किंमत दोन्हींतली कमी धरायची. १२.५० लाखांचे ९० टक्के म्हणजे ११.२५ लाख.

दोन्हींत कमी ११.२५, म्हणून शिफारस ११.२५ लाखांची. उरलेले २.७५ लाख आणि वर मुद्रांक शुल्क-नोंदणीचा खर्च कुठून येणार हे अर्जदाराला विचारून, त्याच्या पासबुकात बघून लिहायचं. 'सोन्याची मोड करीन' हे उत्तर असेल तर तसं लिहा.

यात नेहमी होणारी चूक बचत गटाच्या आणि मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांची. ते बायकोच्या नावावर असतात आणि बरेचदा आठवड्याचे असतात. आठवड्याला ६०० म्हणजे महिन्याला २,४०० धरतात. वर्षात ५२ आठवडे आहेत, त्यामुळे खरा आकडा २,६०० येतो. सहअर्जदार म्हणून तिचं नाव घेतलं असेल तर तिचे हप्तेही घ्यायचे.

शेतीच्या उत्पन्नाला महिन्याचा साचा लागू पडत नाही. काटोल-नरखेडच्या संत्र्याचा आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतो, मृग बहार फेब्रुवारीपासून. बाग झाडावरच व्यापाऱ्याला दिली असेल तर बयाणा आधी येतो, बाकी पैसे नंतर, तेही तुकड्यांत. म्हणून एका चांगल्या वर्षाचा आकडा बाराने भागून 'मासिक उत्पन्न' लिहू नका. मागच्या काही हंगामांच्या कळमना बाजाराच्या हिशेबपट्ट्या आणि बँकेतल्या जमा समोरासमोर ठेवा. फळगळ झाली ते वर्ष वगळायचा मोह होतो. तेच वर्ष मोजायचं असतं.

## पायरी ५: आता परीक्षेचा अभ्यास

ग्रामीण बँकेच्या ऑफिसर स्केल १ च्या पूर्वपरीक्षेत दोनच विषय असतात, बुद्धिमत्ता आणि अंकगणित: ८० प्रश्न, ४५ मिनिटं, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. इंग्रजीच्या भीतीने ही परीक्षा टाळणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. मुख्य परीक्षेत भाषेसाठी इंग्रजी किंवा हिंदी यांतलं एक निवडता येतं. मराठी येणं इथे ओझं नाही, जमेची बाजू आहे. शाखेत येणारा माणूस मराठीतच बोलणार.

नाबार्डच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीतलं वर्णनात्मक लेखन आहे, आणि आर्थिक-सामाजिक प्रश्नांसोबत कृषी व ग्रामीण विकासाचा पेपर आहे. इथे योजनांची नावं पाठ करणारे मागे पडतात. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणचं उदाहरण घ्या: सपाट भागात १.२० लाख, डोंगराळ भागात १.३० लाख अनुदान, घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, शिवाय ग्रामीण रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयासाठी वेगळे १२,०००. लाभार्थ्याची इच्छा असेल तर बँकेकडून ७०,००० पर्यंत कर्जाची तरतूदही आहे. हे आकडे सगळेच पाठ करतात. पण 'जागाच नावावर नसेल तर काय?' या प्रश्नाला उत्तर देणारा वेगळा दिसतो, आणि पायरी ३ केलेल्याला ते उत्तर येतं.

> थांबा. 'जेएआयआयबी करून ठेवा, बँकेत लगेच घेतात' असं सांगणारे क्लास आहेत. ती परीक्षा बँकेत रुजू झाल्यानंतरची आहे. बाहेरच्याला बसताच येत नाही.

## पायरी ६: खासगी कंपनीत अर्ज करताना

ऑफर लेटरवर पदाचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. 'रिलेशनशिप', 'सेल्स', 'बिझनेस' यांतलं काही दिसलं तर ती विक्रीची नोकरी आहे, महिन्याचं टार्गेट आहे. 'सहा महिने सेल्स करा, मग क्रेडिटला घेऊ' हे आश्वासन कागदावर नसेल तर ते धरून चालू नका. थेट क्रेडिटमध्ये जागा नसेल तर क्रेडिट प्रोसेसिंग किंवा ऑपरेशन्स मागा. तिथे निदान फाइल हाताखालून जाते.

मुलाखतीत बहुधा एखादी फाइल तोंडी सांगतात आणि 'देणार का?' विचारतात. लगेच हो-नाही म्हणू नका. आधी विचारा: उत्पन्नाचा पुरावा काय, चालू हप्ते किती, जागेचा कागद कोणता. नेमके प्रश्न विचारणारा उमेदवार त्यांना हवा असतो.

नोकरीसाठी 'फाइल चार्ज', 'ट्रेनिंग डिपॉझिट' किंवा लॅपटॉपचे पैसे मागितले की उठून यायचं. सीताबर्डीत अशी एका खोलीची ऑफिसं येतात आणि जातात.

## पायरी ७: पहिली गावभेट आणि पहिली नोंद

कुही तालुक्यातलं एखादं गाव धरा. नमुना ८ वर लिहिलंय 'विटामातीचे घर, कवेलूचे छत, ४०० चौ. फूट'. समोर उभा आहे आरसीसी स्लॅब, वर दुसऱ्या मजल्याच्या सळया काढलेल्या. कर नोंद जुनी राहिली असेल, किंवा तुम्हाला दाखवलेलं घर वेगळंच असेल. चतुःसीमा तपासा: पूर्वेला कोण, पश्चिमेला रस्ता आहे का, आणि विक्रीपत्रात काय लिहिलंय. विजेचं बिल मागा, मीटरचा क्रमांक स्वतः बघा. शेजाऱ्याला विचारताना कर्जाचं नाव काढू नका. 'अमक्याचं घर कोणतं?' एवढं पुरतं. तो बोट कुठे दाखवतो ते बघायचं.

दुपारी गेलात तर बाप्ये शेतात असतात. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला जा, आणि घरातल्या बाईशीही बोला. हप्त्यांचा खरा हिशेब तिच्याकडे असतो.

परत आल्यावर नोंद त्याच दिवशी लिहायची. कच्ची नोंद अशी असते: 'घर चांगले आहे, कुटुंब चांगले आहे, शिफारस करण्यात येते.' कामाची नोंद अशी: 'नमुना ८ वर कवेलूचे घर, प्रत्यक्षात आरसीसी, सुधारित आकारणी मागितली. चतुःसीमा जुळल्या, उत्तरेची बाजू वगळता. विक्रीपत्रात उत्तरेस नाला, जागेवर शेजाऱ्याचे कुंपण. मोजणी झाल्याशिवाय वितरण करू नये.'

दुसरी नोंद वाचून सेल्सवाला वैतागेल, कारण महिनाअखेर आलेली असते आणि त्याचा आकडा अडतो. 'साहेब, शेरा जरा सौम्य करा ना' असा फोन येईल. शेरा खोडायचा नाही. मोजणीची 'क' प्रत आली की तिचा क्रमांक आणि तारीख खाली लिहून नवी नोंद जोडायची, जुनी तशीच राहू द्यायची. तुमचा लॉगिन पासवर्डही कुणाला द्यायचा नाही, शाखा व्यवस्थापकालासुद्धा नाही. त्या मंजुरीवर वापरकर्ता म्हणून तुमचंच नाव छापलं जातं.